मागून येणारं विमान

जपानमधल्या फुकुओका शहराकडे विमान नेताना कॅप्टन कुवाबारांच्या कानातल्या रेडिओवर मागच्या विमानातल्या वैमानिकाचा आवाज आला आणि त्यांनी दात आवळले. तो आवाज नुमाताचा होता.

काही वर्षांपूर्वी, अशाच हिवाळ्यात, नुमाता पुढे होता आणि कुवाबारा मागे. नुमाताच्या विमानाला जबर हादरे बसले. पण तसं कळवलं की उतरल्यावर विमानाची तपासणी होते, पुढचं उड्डाण रखडतं. म्हणून तो गप्प बसला. कुवाबारांची धाकटी बहीण कायो त्यांच्याच विमानात हवाईसुंदरी होती. त्याच जागी त्यांचं विमान अचानक खाली गेलं आणि प्रवाशांना चहा देता देता ती छतावर आपटली. आजही कमरेला पट्टा बांधल्याशिवाय तिला उभं राहता येत नाही.

आज आभाळात एक ढग नव्हता. फुजी पर्वताचं शिखर लख्ख दिसत होतं. पण हिवाळ्यात जपानवरून, खूप उंचावर, पश्चिमेकडून वाऱ्याची एक वेगवान नदी वाहते. तिच्या कडेची हवा संथ असते. वेगवान हवा संथ हवेला घासली, की पाण्यात पडतात तसे भोवरे हवेतही पडतात. विमानाच्या रडारला पावसाचे थेंब दिसतात, कोरड्या हवेतले भोवरे दिसत नाहीत. ते कळतात पुढे गेलेल्याने सांगितलं तरच.

विमान दणकन खाली गेलं, पुन्हा वर उसळलं. सगळे पट्टे बांधून बसले होते, म्हणून निभावलं.

सहवैमानिक इसेझाकीने कळवायला बटणाकडे हात नेला.

"थांब," कुवाबारा म्हणाले.

"कॅप्टन, मागे माणसं आहेत."

"मागे नुमाता आहे. खाऊ दे की त्यालाही हादरे."

"तो खुर्चीला घट्ट बांधलेला असेल, कॅप्टन. उभ्या असतील त्या चहा देणाऱ्या पोरी."

कुवाबारांनी त्याचा हात बाजूला केला आणि स्वतः बटण दाबलं. उंची, जागा, हादऱ्यांचा जोर, सगळं जमिनीवरच्या नियंत्रण कक्षाला सावकाश सांगितलं. त्या वाटेवरची सगळी विमानं ऐकत होती.

"मागच्या विमानाला सांगा, कुवाबारा कळवतोय. उतरल्यावर आमची तपासणी होईल, पुढचं उड्डाण रखडेल. रखडू दे. आम्ही लपवत नाही."

रेडिओवर नुमाताचा आवाज आला, "समजलं. कळवल्याबद्दल आभारी आहे."

आवाज स्वच्छ आला होता.

"नीट ऐकू आलं नाही," कुवाबारा म्हणाले. "परत सांगा."