पिवळा दिवा खोटं बोलत नाही

मी ट्रॅक्शन कंट्रोल बोलतोय. नाव ऐकून नाक मुरडू नका. आमच्या विजेच्या गाडीत चारही चाकं फिरवणाऱ्या दोन मोटरी आहेत, त्यांच्यावर माझी नजर. एखादं चाक घसरून जास्त जोरात फिरायला लागलं, की पापणी लवायच्या आत मी त्याची ताकद कमी करतो. मला तोंड नाही. बोलायचं झालं तर चालकासमोर एक पिवळा दिवा लुकलुकवतो, बस्स.

माझी मालकीण गुरांची डॉक्टर. गाय अडली म्हटलं की ती चिखल बघत नाही, चढ बघत नाही. दोन वर्षं मी तिला निसरड्या उतारांवरून सुखरूप आणलं. तिला माझं नावही ठाऊक नव्हतं, आणि माझं त्यावाचून काही अडलंही नव्हतं.

मग एक टायर फुटला. तिच्या नवऱ्याने दुसरा आणून बसवला. "जवळजवळ तोच आहे," म्हणाला. झालं! झिजलेली तीन चाकं शंभर फेरे घेत, तेव्हा हे नवं धूड सत्त्याण्णवच घेई. कोरड्या, सरळ रस्त्यावरही चौघांचं जमेना. जमत नाही म्हणजे कोणीतरी घसरतंय, एवढंच मला कळतं. मी दिवा लावला, ताकद कापली. गाडी चढावर धापा टाकू लागली.

गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, "ताई, ह्याचं डोकं फिरलंय. हे बटण दाबा, गप्प बसेल."

ती दाबायची. पण गाडी पुन्हा सुरू केली की मी हजर! हट्टी म्हणा, काहीही म्हणा. समोर चूक दिसत असताना गप्प बसणं माझ्या रक्तातच नाही. शेवटी मिस्त्रीने मला कायमचं बंद करायचं ठरवलं. चाकांजवळच्या माझ्या तारा तोडायला गाडी वर उचलली गेली. खरं सांगतो, मी घाबरलो. उद्या उतारावर तिला कोण सावरणार?

तिच्या सासूबाई बाकावर बसल्या होत्या. त्या शिवणकाम करतात, टेप सदैव गळ्यात. लोंबणारी चाकं बघता बघता त्या उठल्या. एकेका टायरभोवती दोरा गुंडाळून त्यांनी तो टेपवर मोजला.

"आई, काय चाललंय तुझं?" मुलगा ओशाळला.

"हा चौथा अडीच इंचांनी मोठा आहे. जवळजवळ म्हणे! शर्टाची एक बाही जवळजवळ तेवढीच शिवली, तर घालशील?"

मिस्त्रीचा हात तिथेच थांबला. एका मापाचे चार टायर बसले, दिवा विझला. मिस्त्रीने बॉनेटवर थाप मारली. "झाला बघा दुरुस्त!"

दुरुस्त? अहो, मी बिघडलो कधी होतो? तीन आठवडे खरं सांगत होतो आणि शिव्याही मीच खात होतो. माझा दिवा लागला तर आधी खाली वाकून चाकं बघा, मग खुशाल मला वेडा ठरवा.

काल चिखलाच्या उतारावर मी लुकलुकलो. तिचा हात सवयीने बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. मग तिने पाय हलका केला आणि ती म्हणाली, "बरं बाबा, बोल."