माझ्या पोटावरची दुसरी ओळ

मी कडीचा डबा बोलतोय. स्टीलचा, जाड पत्र्याचा. हल्लीच्या डब्यांसारखा बोट लागलं की पोचा पडणारा नव्हे. शाळा मी पाहिली नाही. पोटावर दोन ओळी कोरल्या आहेत, त्याही वाचता येत नाहीत. ऐकून पाठ आहेत.

पहिली ओळ म्हणजे माझ्या मालकिणीच्या, गीताबाईच्या मामाचं नाव. त्यांनी तिच्या लग्नात मला आहेरात दिलं, आणि मी तिच्यासोबत औरादला आलो. चाळीस वर्षं गल्लीत फिरलो. पुरणाची आमटी घेऊन जायचो, करडईची भाजी घेऊन यायचो. रिकामा कधीच आलो नाही. भांडं रिकामं परत देणं म्हणजे तोंडावर दार लावणं. घरात काहीच नसलं तर माणसं चिमूटभर साखर घालतात, पण घालतात. या गोष्टीचा मला ताठा होता.

मग नातू झाला, माउली. नवव्या महिन्यात गीताबाईनं कौतुकानं शेंगदाण्याच्या लाडवाचं बोट चाटवलं आणि पोराचं तोंड सुजून भोपळा झालं. उदगीरच्या डॉक्टरांनी बजावलं, शेंगदाण्याचा कणसुद्धा नको. घर हबकलं. आमच्याकडे शेंगदाणा नसलेली वस्तू एकच, पिण्याचं पाणी. गीताबाईचे यजमान किशनराव म्हणाले, "शेंगा न सोसणारा आमच्या खानदानात झाला न्हाई." जणू पोरानं आडनाव बदललं होतं.

सून मंजुश्रीनं मला माउलीचा डबा ठरवलं. इतर कुणी हात लावायचा नाही. या वयात एवढा मान मिळाला, मी खूश.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगा व्यंकट सगळ्यांना गाडीनं बिदरचा किल्ला आणि पुढं गुलबर्गा दाखवायला निघाला. बिदरजवळ एका खानावळीत जेवायला बसले. वांग्याच्या भाजीत शेंगदाणा आहे का, असं व्यंकटनं वाढप्याला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "न्हाई साहेब. नुसता कूट हाय."

शेजारच्या टेबलावरच्या एका गृहस्थानं फुकट सल्ला दिला, की रोज एक दाणा चारावा, सवय होते. दुसऱ्यानं दृष्ट काढायला सांगितली. मंजुश्रीनं दोघांकडं पाठ फिरवली आणि खिचडी गरम करायला मला आत पाठवलं.

आत निलम्मा होती, खानावळीची मालकीण. बाई चोख. घासलेल्या पातेल्यात खिचडी गरम केली, वाटीत घालून पोरापुढं पाठवली. मला राखेनं असं घासलं की तिचं तोंड माझ्यात दिसावं. पण मग तिला चैन पडेना. निघायच्या वेळी तिनं मला काठोकाठ भरलं आणि गीताबाईच्या हातात दिलं.

"लेकराचा डबा मोकळा कसा द्यावा, अक्का?"

आत शेंगाची चटणी होती. लसणाची, तेल सुटलेली.

गीताबाईनं ती परत द्यायला हवी होती. पण अन्नाला नाही म्हणायचं कसं, आणि सुनेला सांगितलं तर ती रस्त्यावर ओतणार. तिनं मला पदराखाली घेतलं. वाटेत गाडी थांबली, पोराला घेऊन व्यंकट नि सून जरा खाली उतरले, तेवढ्यात गीताबाई-किशनरावांनी भाकरीसंगं चटणी संपवली. गुलबर्ग्याच्या लॉजवर गीताबाईनं मला नळाखाली विसळलं आणि गुपचूप पिशवीत ठेवलं. दिसायला मी लख्ख होतो. झाकणाच्या दुमडीत काय बसलंय ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मला तोंड असून बोलता येत नाही.

सकाळी मंजुश्रीनं सोबत आणलेल्या विजेच्या कुकरात मऊ भात लावला आणि माझ्यात भरला. माउलीनं दोन घास खाल्ले. तिसऱ्याला ओठ सुजले, अंगावर गांध्या उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं? मंजुश्री म्हणाली, भात, नुसता भात, मीच शिजवला. डॉक्टरीणबाई विचारात पडल्या. पोराचा श्वास ओढला जात होता. गीताबाई भिंतीला टेकून उभी होती. गप्प राहिली असती तर चाळीस वर्षांची अब्रू राहिली असती.

ती पुढं आली. "ह्या डब्यात काल शेंगाची चटणी व्हती. म्या लपवली, म्याच इसळला."

लगेच मांडीत इंजेक्शन गेलं. थोड्या वेळानं माउली रडला, चांगला खणखणीत. दवाखान्यात रडण्यावर एवढे खूश झालेले लोक मी पहिल्यांदाच पाहिले.

बाहेर बाकावर किशनरावांनी बायकोला विचारलं, "चटणी ठेवून घेतलीसच कामून?"

"तुमाला आवडती म्हणून."

त्यानंतर किशनरावांनी खानदानाचं नाव काढलेलं नाही.

घरी परतल्यावर सून दोन दिवस सासूशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मला उकळत्या पाण्यात घातलं, ब्रशनं दुमड घासली आणि सासूच्या हातात ठेवलं. गीताबाई मला घेऊन आठवडी बाजारात गेली. भांड्यांवर नाव घालणाऱ्याकडून तिनं मामाच्या नावाखाली दुसरी ओळ घालून घेतली: "रिकामा परत द्यावा."

गल्लीला ते लागलं. भांड्यावर असलं कोण लिहितं, म्हणून बायका तोंड वाकडं करतात. पोराला कधी शेजारी ठेवलं की त्याचा भात घेऊन मीही जातो, आणि कुणाच्या हातात अजूनही साखरेची चिमूट शिवशिवते. त्यांना हात जोडून सांगतो. तुमची माया खरी. ती तुमच्याच ताटात ठेवा. मला कोरडा द्या.

घरी अकरा महिन्यांचा एक पोरगा भुकेला बसलाय.