अडतीस आणि एकेचाळीस

खालून नरेशने दोन्ही हात डोक्यावर नेऊन जोरात हलवले. आमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात याचा अर्थ एकच : सगळं बंद कर. माझ्या क्रेनच्या हुकाला तेव्हा अठरा टनांचा लोखंडी रोल लटकत होता. मी मान हलवली आणि आधी रोल स्टँडवर ठेवला. भार टांगता ठेवून केबिनमधून उतरायचं नाही, हे मला क्रेनवर पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. बत्तीस वर्षांत मी ते एकदाही मोडलं नव्हतं. चेन सुटल्यावर शिडी उतरलो. मला खालून सिग्नल देणारा नरेश हेल्मेट काढून उभा होता. शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, हेल्मेट कोणी काढत नाही.

"काका, घर चलो," तो म्हणाला. "रोशनी का फोन था. काकी..."

रोशनी म्हणजे माझी मुलगी. तारीख नऊ एप्रिल, पहिली शिफ्ट. माझी बायको रुक्मा सकाळी न्हाणीघरात पडली ती उठली नाही. डोक्यातली नस फुटली, असं डॉक्टर म्हणाले. ती बावन्न वर्षांची होती.

स्वयंपाकघरात कुरडयांसाठी गहू भिजत घातलेले होते. तो दुसरा दिवस होता. ओट्यावर कुरडया पाडायचा पितळी सोऱ्या होता, तिने शेजारच्या वसुंधराबाईंकडून मागून आणलेला. पुढच्या दोन दिवसांत गव्हाचं पाणी कोणी बदललं नाही. वास येऊ लागला तेव्हा मीच ते मागच्या नालीत ओतले.

तेरवी झाली, पाहुणे गेले. माझी मोठी बहीण गिरजाबाई तेवढी राहिली. ती नागपूरची, अजनीला राहते, भाऊजी रेल्वेतून रिटायर झाले. मी तिला बाई म्हणतो. तिने घर हातात घेतलं. माझा डबा वेळेवर व्हायचा, कपडे धुतलेले असायचे. ते उपकार मी नाकारत नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात रोशनीला दोन पत्रं आली. रोशनी आमची एकुलती. भिलाईतच इंजिनिअरिंग केलं, मग दोन वर्षं रायपूरच्या एका गोदामाच्या कंपनीत नोकरी केली, आणि तिथूनच एमबीएची परीक्षा दिली. एक कॉलेज नागपूरचं, एक विशाखापट्टणमचं. वीस तारखेपर्यंत एकाला हो म्हणायचं होतं.

"आता कायचं शिक्षण?" बाई म्हणाली. ती तांदूळ निवडत होती. "घरात गमी झाली श्याम. वर्साच्या आत पोरीचं लगन नाई केलं तर तीन वर्सं थांबा लागते. चोवीस अन् तीन किती होते?"

"सत्तावीस."

"म्हंजे गणित येते तुले."

"येते. सत्तावीसची पोरगी म्हातारी नसते, तेबी येते."

बाईने सूप आपटलं. दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी तिनेच मार्ग काढला. शिकू दे, पण नागपुरात. "माया घरी राहीन. शनवारी गाडीत बसली का जेवाच्या टायमाले इथं. तुले दोन-तीन दिवसाच्या भाज्या करून ठेवीन, कपडे पाहीन, सोमवारी कॉलेजात. बापाचंबी झालं, पोरीचंबी झालं."

रोशनी दारात उभी होती. "नागपूरच घेते बाबा," ती म्हणाली. "दोन्ही सारखेच आहेत तसेबी. नागपूर यादीत अडतीस नंबरवर आहे, ते दुसरं एकेचाळीसवर."

म्हणजे नागपूर जवळही होतं आणि तीन नंबरांनी वरही होतं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? शनिवारी दारात पोरगी दिसेल, एवढंच डोक्यात आलं.

पण त्या आठवड्यात केबिनमध्ये बसून मला ते नंबर खुपू लागले. आमच्या शॉपमध्ये दोन क्रेन आहेत. दोन्हींवर तीस टन लिहिलेलं आहे. एक भार टेकवताना झटका देते, दुसरी देत नाही. पाटीवर ते लिहिलेलं नसतं. चालवणाऱ्याला विचारावं लागतं.

रविवारी मी रोशनीला समोर बसवलं. बाई आत कणीक मळत होती.

"नंबर सोड," मी म्हणालो. "तिथं जाऊन रोज काय करशील ते सांग. आधी नागपूर."

"फायनान्स चांगलं आहे. बँका येतात नोकरी द्यायले. आत्याबाईचं घर जवळ आहे." ती थांबली. "लायब्ररी मोठी आहे."

"अन् दुसरं?"

"तिथं ऑपरेशन्स आहे. म्हंजे मालाची ने-आण, गोदाम, तसं. बंदर जवळ आहे..." मग ती पुढे सरकून बसली. "बाबा, वो लोग दूसरे टर्म में सीधे पोर्ट पर भेजते हैं. जहाज़ से माल उतरता कैसे है, कहाँ अटकता है, क्यों अटकता है, सब खुद देखना पड़ता है. मेरे गोदाम में ट्रक तीन-तीन दिन खड़े रहते थे न? किसी को पता नहीं था क्यों. और वहाँ की क्रेन, बाबा! आपकी वाली तो बच्चा है उसके सामने. मैंने वीडियो देखा है, रुको..."

ती फोन शोधू लागली. दोन्ही हात हवेत हलत होते. वीस मिनिटं ती बोलत होती आणि सगळं हिंदीत.

घरात मराठी बोलायचं, हा रुक्माचा नियम होता. शाळा, मैत्रिणी, नोकरी, सगळीकडे पोरीची हिंदी. उंबरठ्याच्या आत आली की आमच्यासाठी मराठी. पण भांडताना, रडताना आणि फार खूश झाली की तिची हिंदी सुटायची. मग रुक्मा आतून ओरडायची, "घरात आहेस, घरात!" त्या दिवशी ओरडणारं कोणी नव्हतं. म्हणून मला ते पूर्ण ऐकता आलं. नागपूर तिने मराठीत सांगितलं होतं. ते आमच्यासाठी होतं.

"बाई," मी आत हाक मारली, "पोरगी विशाखापट्टणमले जाईन."

बाई कणकेच्या हातांनीच बाहेर आली. "डोकं ठिकानावर आहे का तुयं? लोकं काय म्हनतीन? बायको गेली अन् महिन्यात पोरीले हाकललं?"

"म्हनू दे. ज्याले म्हनाचं आहे त्याले जेवाले बोलाव. मी पोळ्या करून वाढतो."

"चहा तरी येते का तुले करता?"

"नाई येत. तू शिकव, नाईतर मी पाहून शिकतो."

"मी नाई शिकवत," बाई म्हणाली.

रोशनी उठून उभी राहिली. "बाबा, मी नाही जात. तुम्ही एकटे कसे राहाल?"

"बत्तीस वर्सं केबिनमधी एकटाच बसून राहिलो. तिथं तर बोलाचीबी सोय नाई."

"मस्करी नको. आई असती तर..."

"आईच्या नावानं थांबू नको," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "माया नावानंबी नको. तुले थांबाचं असन तर सोताच्या नावानं थांब. सांग, थांबाचं आहे तुले?"

ती रडू लागली. बाई म्हणाली, "पाय, रडवलं पोरीले." मी म्हणालो, "रडू दे." मग पोरीला म्हणालो, "पण हो का नाई ते बटन दाबून रड. वीस तारखेपर्यंत टांगून नाई ठेवाचं."

एकोणीस तारखेला सकाळी तिने विशाखापट्टणमला हो कळवलं. मी बाजूला बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी बाई गेली. मी दुर्ग स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणाली, "आता तीन वर्सांनंच येईन. लगनाले."

"ये," मी म्हणालो. "तवा माया हातचं जेव."

तिने तोंड फिरवलं. तेव्हापासून तिचा फोन नाही. माझाही नाही.

जूनच्या शेवटी रोशनी दुर्गहूनच गेली. गाडी हलली तसा मी हात वर केला आणि बोट आकाशाकडे धरून गोल फिरवलं. उचल, असा तो सिग्नल आहे. लहानपणी ती माझ्या पायावर बसून हाच सिग्नल द्यायची. दारात उभी राहून तिनेही बोट फिरवलं.

आता ऑगस्ट आहे. चहा जमतो. पोळ्या गोल होत नाहीत, पण फुगतात. भात मला अजून नीट येत नाही, कधी कच्चा राहतो, कधी गिचका होतो, मी तसाच खातो. रिटायर व्हायला दोन वर्षं आहेत, मग क्वार्टर सोडावा लागेल. ते तेव्हा बघू. रविवारी पोरीचा फोन येतो. ती आता घरातल्यासारखं मराठीत सुरू करते आणि दोन मिनिटांत हिंदीवर जाते. मी टोकत नाही.

वसुंधराबाईंचा सोऱ्या मी चिंचेने घासला, पुसला आणि कपाटात ठेवला. त्यांनी तो मागितला नाही. या वर्षी त्यांनीही कुरडया केल्या नाहीत, असं ऐकलं. त्यांचं दार माझ्या दारापासून आठ पावलांवर आहे. सोऱ्या परत द्यायचा राहिला आहे.