हात न लावता

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडापुढे धरला, मणक्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "यापुढे उचलायचं नाही. कुंडी नाही, पोतं नाही, पाण्याची बादलीसुद्धा नाही." चिमीने निमूट मान डोलावली. शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याने दचकून तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात चिमीने कुणाचं इतक्या चटकन ऐकलेलं त्याने पाहिलं नव्हतं.

चिमी म्हणजे रोपवाटिकावाली चिमी. पन्नाशी उलटली, केस पिकले, तरी चिमीच. जन्मली तेव्हा चिमणीएवढी होती आणि नाव ठेवणाऱ्यांनी पुढचा विचार केला नव्हता. गावाबाहेरच्या त्या अरुंद रस्त्यावर तिने एकटीने रोपवाटिका उभी केली होती. कुंड्यांचे लोखंडी स्टँड, वेलींचे मांडव, फाटक, सगळं तिच्या हातचं वेल्डिंग. आणि त्याच रस्त्याच्या टोकाला, तिच्या कुंपणाला लागून, तिच्या थोरल्या भावाचा वजनकाटा. भरलेले ट्रक यायचे, लोखंडी पाटावर उभे राहायचे, दादा खिडकीतून आकडा बघून चिठ्ठी फाडायचा. लोक त्याला काटेवाले म्हणत. अंगानेही माणूस भरभक्कम. कुणाकडेही नुसतं पाहून वजन सांगायचा आणि ते सहसा चुकायचं नाही. पाहुण्यांनाही तोंडावर सांगायचा, मग पाहुणे पुन्हा यायचे नाहीत. घरात मात्र त्याच्या शब्दाला वजन होतं. ते कुणी कधी मोजून पाहिलं नव्हतं, इतकंच.

दादाला ट्रक उभे करायला जागा हवी होती आणि जागा म्हणजे रोपवाटिका. जमीन वडिलांची, दोघांची मिळून, वाटणी कधी झालीच नाही. चिमी राबत होती तोवर त्याला बोलता येत नव्हतं. तिची कंबर गेली आणि त्याला कंठ फुटला. डॉक्टरकडून परतली त्याच दिवशी तो घरी हजर.

"चिमे, आता हात टेक. खत-माती उचलल्याशिवाय रोपवाटिका चालते का? आणि तुला तर उचलायचं नाही."

"माणसं लावीन."

"तुझ्या हाताखाली कोण टिकलंय आजवर?"

हे मात्र खरं होतं. चिमीकडे कामाला आलेल्या माणसाच्या हातातलं फावडं ती पहिल्याच दिवशी काढून घ्यायची, 'असं नव्हे, असं' म्हणत सगळा ढीग स्वतःच उपसायची आणि वर त्यालाच आळशी म्हणायची. माणसं पळायची.

"मग मी उचलीन," चिमी म्हणाली. "हात न लावता उचलीन."

दादा इतका हसला की खुर्ची कुरकुरली. "बरं. खताचा ट्रक यायचाय ना तुझा? तो ढीग कुणाचाही हात न लागता, फावडं न लागता फाटकाच्या आत ने. नेलास तर जन्मात जागेचा विषय काढणार नाही. नाही नेलास तर जागा माझी. आहे कबूल?"

"कबूल."

स्वयंपाकघरात नवरा चहा गाळत होता. तो शांतताप्रिय माणूस. बहीण-भावाच्या भांडणात चहा करणं एवढाच त्याचा सहभाग असायचा. त्या दिवशी त्याने अर्धा चहा ओट्यावर गाळला.

चिमीकडे एक छोटा ट्रॅक्टर होता. बागेत गवत कापायला आणि कुंड्यांची ट्रॉली ओढायला घेतलेला, मोठ्या ट्रॅक्टरने पाहिलं तर लाजेल एवढासा. त्याच्या तोंडाला दोन लोखंडी हात लावायचे, हातांच्या टोकाला बकेट लावायची, म्हणजे तो वाकेल, भरेल आणि उचलेल. असा लोडर तिने रस्त्याच्या कामावर पाहिला होता. तयार मिळतो का हे तिने विचारलंसुद्धा नाही. विकत आणलं असतं तर दादाच्या नाकावर टिच्चून केलं असं काय राहिलं असतं?

आधी तिने पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाचण्यांनी ट्रॅक्टर मांडला. टाचणी इथे रोवली तर हात वर जातो पण बकेट बॉनेटवर आपटते. तिथे रोवली तर जमिनीलाच टेकत नाही. भिंत चाळणीसारखी झाली. नवरा भाजी चिरता चिरता म्हणाला, "अजून जरा मागे घेऊन बघ." तिने घेतली आणि हात बरोबर बसला. त्या दिवशी नवऱ्याला स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की भाजीत मीठ दोनदा पडलं.

भंगारवाल्याकडून तिने चौकोनी पाइप आणले, पाण्याची एक जाड जुनी टाकी आणली आणि मोडक्या डंपर ट्रॉलीचे दोन हायड्रॉलिक जॅक पंपासकट आणले. टाकी उभी चिरून अर्धीची बकेट केली आणि बकेटच्या काठाला स्प्रिंगची जाड पट्टी वेल्ड केली. सगळा भार इंजिनावर येऊ नये म्हणून खालून थेट मागच्या अॅक्सलपर्यंत चौकट नेली. जड तुकडे नवरा आणि भंगारवाला धरायचे, ती वेल्डिंगचे टाके मारायची आणि दोघांना शिव्याही घालायची. पहिल्यांदा लीव्हर ओढला तेव्हा एक हात वर गेला आणि दुसरा खालीच राहिला, जसा वर्गात अर्धवट उत्तर येणारा मुलगा. तिने मध्ये आडवा पाइप टाकला. दुसऱ्यांदा होस पाइप फुटून ऑइल तिच्या तोंडावर उडालं. तिसऱ्या खेपेला ट्रॅक्टरने शेडमध्ये विटांच्या तुकड्यांची भरगच्च बकेट थेट छातीएवढ्या उंचीवर उचलली. चिमी सीटवरून हसली आणि तिचा तुटका दात दिसला.

"काट्यावर घालून बघायची का गं बकेट?" नवरा म्हणाला. "किती भरते ते कळेल. शेजारीच तर आहे."

"त्याच्या काट्यावर माझी वीटसुद्धा चढणार नाही."

इथेच चुकलं. आयुष्यभर या घरात पोतं असो की नुकतंच जन्मलेलं पोर, सगळं दादाच्या काट्यावर चढलं होतं. चढली नाही ती एक बकेट.

खताचा ट्रक सकाळी आला आणि नेहमीसारखा फाटकाबाहेर ढीग ओतून गेला. ओलं, काळं, वाफाळतं खत, आणि रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत बंद. पलीकडे काट्यावर जाणाऱ्या ट्रकांची रांग लागली. हॉर्न वाजू लागले, ड्रायव्हर खाली उतरले. पैजेची बातमी सगळ्यांना ठाऊक होतीच. दादा खिडकी बंद करून आला आणि ढिगाशेजारी हाताची घडी घालून उभा राहिला.

ट्रॉली जोडून अरुंद रस्त्यात वळता येईना, म्हणून चिमीने ती सोडून दिली आणि एकटा ट्रॅक्टर बाहेर काढला. बकेट खाली केली, ढिगात घुसवली. खत काठोकाठ भरलं. तिने लीव्हर ओढला.

लोखंडी हात कण्हले. बकेट जमिनीवरच राहिली. आणि चिमी वर गेली.

ट्रॅक्टरची मागची दोन्ही चाकं हवेत गरगर फिरत होती, पुढचा भाग नाक घासत होता, आणि वर सीटवर चिमी स्टिअरिंगला धरून बसली होती. रस्ताभर हशा पिकला. एका क्लीनरने शिट्टी मारली. तिच्या लक्षात आलं, पण फार उशिरा: शेडमध्ये मागे कुंड्यांनी भरलेली ट्रॉली होती. ट्रॉलीच्या वजनानेच चाकं दाबून धरली होती. ओझं पुढे असेल तर मागेही तेवढंच हवं, ही गोष्ट या रस्त्यावर जन्मलेल्या कुत्र्यालाही ठाऊक असेल, आणि ती काटेवाल्याची बहीण.

दादा पुढे आला. मान वर करून, अगदी प्रेमाने म्हणाला, "चिमे, म्हण हरले. मग उतरवतो."

हे वाक्य त्याने आज पहिल्यांदा म्हटलं नव्हतं. लहानपणी ओंडक्यावर फळी टाकून दोघं वर-खाली खेळायचे. दादा आपल्या टोकावर बूड टेकायचा आणि चिमी वर लटकायची. खेळ तिथेच संपायचा. तो खाली शेंगा खात बसायचा आणि म्हणायचा, "म्हण हरले, मग उतरवतो." चिमी कधीच म्हणाली नाही. एकदा ऊन उतरेपर्यंत वर बसली आणि मग सरळ खाली उडी मारली. पुढचा दात तेव्हाच तुटला. रक्ताने भरलेल्या तोंडानेही ती तो शब्द बोलली नव्हती.

आता तिला इतका राग आला की कंबरेची कळही विसरली. रोपवाटिका गेली तर तिच्याकडे काय उरणार होतं? खिडकी आणि गोळ्या. तिने लीव्हर सोडला. धप्पकन चाकं खाली आली. खाली उतरून ती ट्रॅक्टरच्या मागे गेली. सीटमागे कुंड्यांचे ट्रे ठेवायला तिने एक लोखंडी पाट वेल्ड केला होता. तो रिकामा होता.

त्याच्यावर वजन हवं होतं. दगड, विटा, काहीही. पण दगड कोण उचलणार? तिला उचलायचं नव्हतं आणि दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नव्हता. आपल्या पायांनी चालत येऊन चढेल, असं वजन हवं होतं.

"ताई, मी बसू का मागे?" रांगेतला पहिला ड्रायव्हर म्हणाला. माणूस काडीसारखा.

दादाला राहवलं नाही. आयुष्यभराची सवय, वजनाच्या बाबतीत कुणी अडाणीपणा केला की तो सुधारल्याशिवाय त्याला चैन पडायची नाही. "हा? अरे, हा ओल्या कपड्यांनी बसला तरी चाक दबायचं नाही! याच्या दुप्पट वजन हवं तिथं. दुप्पट!"

चिमीने सावकाश वळून त्याच्याकडे पाहिलं. पायांपासून डोक्यापर्यंत, जसा तो ट्रककडे पाहायचा तसं. ड्रायव्हरांनी पाहिलं. क्लीनरनेही पाहिलं.

"भरेल की," चिमी म्हणाली. "बस."

"मी? वेडी झालीस? मी तुला मदत करू?"

"मदत कुठं मागितली? तुझ्या काट्यावर ट्रक उभा राहतो तो काय तुला मदत करतो?"

"कुणाचा हात लागायचा नाही असं ठरलंय!"

"हाताची घडी घातलीच आहेस. ती सोडू नकोस."

मागून हॉर्न वाजले. "काटेवाले, बसा ओ! आमचा माल सडतोय," कुणीतरी ओरडलं. "आज तरी तुमचं वजन कळू दे!" दुसरा म्हणाला, आणि हा हशा मघाच्या हशापेक्षा मोठा होता. दादाचा चेहरा लाल झाला. त्याने रांगेकडे पाहिलं, ढिगाकडे पाहिलं. ढीग हलल्याशिवाय त्याचाही दिवस हलणार नव्हता. हाताची घडी तशीच ठेवून, ढोपराने तोल सावरत, तो पाटावर चढला आणि ढिगाकडे पाठ करून बसला.

चिमीने लीव्हर ओढला. हात पुन्हा कण्हले. मागची चाकं रस्त्याला चिकटून राहिली, आणि बकेट उठली. गुडघ्याएवढी, कमरेएवढी, छातीएवढी. वाफाळतं खत घेऊन ट्रॅक्टर फाटकातून आत गेला आणि मागून टाळ्या आल्या.

मग ती थांबलीच नाही. भर, उचल, वळ, ओत. दादा प्रत्येक खड्ड्याला उसळायचा, प्रत्येक वळणाला शिव्या द्यायचा. अर्धा ढीग गेला, रस्त्याला वाट झाली आणि ड्रायव्हर काट्यापुढे जाऊन उभे राहिले. "काटेवाले, चिठ्ठी?" "थांबा जरा!" दादा हवेतूनच ओरडायचा. नवऱ्याने फाटकात उभं राहून दोघांना चहा विचारला. दादाला कप धरता येईना, कारण हाताची घडी सोडायची नव्हती, आणि ठरलेलं मोडायला आता तोच तयार नव्हता.

ढीग संपत आला तसा त्याचा आवाज बदलला. "चिमे, थांबव. कंबर गेली माझी. उतरतो मी."

बकेट भरलेली होती, वर उचललेली होती. चिमीने क्लच दाबला, मागे वळली आणि म्हणाली, "म्हण हरलो. मग उतरवते."

दादाने खाली पाहिलं. जमीन फार लांब नव्हती. उडी मारता आली असती. तिने मारली होती. पण तो काटेवाला होता. आत्ता आपण उतरलो तर मागचं टोक कसं उसळेल आणि पुढे चिमी कशी आपटेल, हे त्याला चिठ्ठी न फाडताही कळत होतं. तो हलला नाही. उलट जरा मागे सरकून नीट बसला. चिमीने ते पाहिलं. दातासाठी तिने त्याला आजवर माफ केलं नव्हतं. ते तिने तिथेच, इंजिनाच्या धडधडीत, करून टाकलं. पण तोंडाने सांगितलं नाही.

"हरलो," दादा पुटपुटला.

चिमीला स्वच्छ ऐकू आलं.

"काय?" ती ओरडली. "इंजिनामुळे ऐकू येत नाही!" आणि बकेट ओतून शेवटच्या खेपेला निघाली. रस्ता झाडल्यासारखा मोकळा झाला.

फाटकातून आत शिरताना दादा पुन्हा म्हणाला. आता इतक्या जोरात, की काट्यापुढच्या शेवटच्या ट्रकपर्यंत गेलं आणि तिथून कुणीतरी हॉर्न वाजवून पोच दिली.

मग चिमीने बकेट हळूच जमिनीला टेकवली आणि इंजिन बंद केलं.

"उतर आता," ती म्हणाली. "आणि उतरताना कशाला हात लावू नकोस."