तिचंच हाड

डॉक्टर आल्हाद यांनी चिमणाबाईचा उजवा हात कोपराशी धरून हळूच वर उचलला. खांद्यापर्यंत यायच्या आतच तो अडला. आत काहीतरी करकरलं.

"आजी, दुखतंय?"

"तसं काय नाय दुखत तिला," तिचा मुलगा मंगळू म्हणाला.

प्रश्न चिमणाबाईला. उत्तर मंगळूचं.

"निखळला कधी?"

"लावणीत. बांधावरून घसरली. लावणी उरकली का नाशिकला नेऊ म्हटलं. मंग नागलीची कापणी आली."

"निखळलेल्या हातानं कापणी?"

मंगळूनं पंख्याकडे पाहिलं.

"आजी, केस विंचरता येतात?"

प्रश्न चिमणाबाईला. उत्तर सुनेचं.

"आता गरजच नाय," सविता म्हणाली. "मीच कापले. रोज कोण विंचरत बसणार?"

चिमणाबाईनं डाव्या हातानं पदर कपाळावर ओढला. केस कापले त्या दिवशी तिची वेणी उकिरड्यावर पडली होती आणि कोंबड्या त्या वेणीला चोची मारत होत्या.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. खांद्याची खोबणी एका बाजूनं झिजून गेली होती. नवा सांधा बसवायचा, पण तो टिकायला आधी तिथं हाड भरावं लागेल, ते म्हणाले. खर्च दवाखाना करणार होता. ती सबब उरली नव्हती.

"मेलेल्या माणसाचं हाड?" मंगळू उठलाच. "आमच्यात नाय चालत. राहू द्या. या वयात हात कशाला पायजे तिला?"

"कापणीला लागत व्हता," चिमणाबाई म्हणाली.

खोलीत ती पहिल्यांदाच बोलली होती.

"हाड आजींचंच," डॉक्टर म्हणाले. "दंडाच्या हाडाचा वरचा गोळा काढावाच लागतो. तो टाकून देत नाही. त्याचाच तुकडा खोबणीत बसवायचा."

मंगळू म्हणाला, "घरी बोलून सांगतो."

सवितानं पिशवी उचलली. दोघं दारापर्यंत गेले. चिमणाबाई उठली नाही.

"डॉक्टर, मघा केसांचं इचारलंस ना. परत इचार."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्यासमोर ओढली.

"आजी, केस विंचरता येतात?"

तिनं कमरेच्या चंचीतून लाकडी फणी काढून टेबलावर ठेवली. दात्यांत लांब पांढरे केस अजून अडकलेले होते.

"ठेव हितं. हात वर जाया लागला का नेईन."

मंगळू दारातच उभा होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.