सात नंबरची तब्येत

थोरलीच्या घरात माशीसुद्धा पाय धुऊन शिरायची. अशा बाईला दवाखान्यातल्या सिस्टरनं सकाळीच तोंडावर सांगितलं, "सात नंबरवर जंतू सापडलेत."

त्या वॉर्डात माणसाला नाव नसे, खाटेचा नंबर तेवढा. तीन नंबरला खोकला, नऊ नंबरची आंघोळ राहिलीय. पित्ताशयातला खडा काढून पडलेली थोरली म्हणजे सात नंबर. टाके ओढले तरी ती ताडकन उठून बसली.

"माझ्या अंगावर जंतू? अगं, तुझ्या सात पिढ्यांत कुणी एवढं अंग घासलं नसेल!"

"तुमच्या नाही हो आजी, खाटेच्या. कठड्यावरून बोळा फिरवून तपासायला दिला होता. रिपोर्ट आलाय सात नंबरचा, म्हणजे पेशंट आता सात नंबर."

"मग मी कोण?"

सिस्टरनं जरा विचार केला. "तुम्ही नातेवाईक."

थोरलीची रवानगी स्टुलावर झाली. खाटेला सलाइन लागलं, नळी कठड्याला चिकटपट्टीनं डकवली. भेटायच्या वेळेत कुणीतरी उशाशी संत्री ठेवून गेलं. डॉक्टरांनी गादी दाबली, तशी खाट करकरली. "कुरकुर आहे अजून," म्हणाले, आणि पुढं गेले.

एवढंही थोरलीनं सोसलं असतं. पण वरच्या मजल्यावर सून बाळंत झाली होती, आणि घरातलं प्रत्येक पोर आजवर आधी थोरलीच्याच हातात आलं होतं. लेक दारातूनच म्हणाला, "आई, सात नंबर बरा होईपर्यंत त्याच्या माणसांना वर सोडत नाहीत."

"आणि तोवर माझी नात कुणाकडे?"

लेकानं चपलेकडे पाहिलं. "सासूबाईंकडे."

"विहीणबाईंकडे! ज्या तांब्याभर पाण्यात ढीगभर भांडी उरकतात?"

थोरलीनं पदर खोचला. खाट बरी करायचीच! पिशवीतून तिनं आपलं फडकं काढलं. याच फडक्यानं घर आरशासारखं ठेवलं होतं. ते ओलं करून तिनं सात नंबर चकचकीत पुसला. मग हात लागलाच आहे तर तीन नंबरचा कठडा, नऊ नंबरचं टेबल, घंटेचं बटण, दाराची मूठ. फडकं मध्ये एकदाही खळबळलं नाही. पाणी नासणारी बाई नव्हती ती.

दुसऱ्या दिवशी तीन नंबर आजारी पडला. पाठोपाठ नऊ. दाराची मूठ तर अत्यवस्थ, तिला कुणी हात लावू नये म्हणून माणूस बसवला. धडधाकट पेशंट नातेवाईक होऊन व्हरांड्यात उभे. इथवर हसण्यावारी चाललं होतं. पण तीन नंबरवरून उठवलेल्या म्हातारीच्या टाक्याला पू धरला, तेव्हा डॉक्टर थोरलीसमोर येऊन उभे राहिले.

"फडकं दाखवा."

फडक्याचा रिपोर्ट आला, तो डॉक्टरांनी उभ्यानंच वाचला. "आजी, तुम्ही जंतू पुसले नाहीत. तुम्ही ते वाढलेत. खाटेखाटेपाशी जाऊन, आग्रह करकरून वाढलेत!"

थोरली ओरडली, "फडक्याला काही बोलायचं नाही!"

"आई," लेक हळूच म्हणाला, "फडकं की नात?"

व्हरांड्यात म्हातारी पोट धरून कण्हली. थोरलीनं तिकडे पाहिलं आणि फडकं पुढं केलं. सिस्टरनं ते चिमट्यानं उचलून झाकणाच्या बादलीत टाकलं. मग खाटा औषधानं धुतल्या, प्रत्येकीला वेगळं फडकं. म्हातारीला नवीन इंजेक्शनं सुरू झाली, पू ओसरला, सात नंबर बरा झाला, आणि थोरलीला वर जायची परवानगी मिळाली.

वर विहीणबाई खुर्चीत बाळ घेऊन बसलेल्या. "या, या! घ्या तुमची नात," म्हणत त्यांनी दुपट्यासकट पुढं केली.

बेसिनपाशी हात धुऊन आलेल्या थोरलीनं ओंजळ पसरली. पोरीची मूठ तिच्या बोटाशी आली, आणि थोरलीनं हात झटकन मागं घेतले.

"धरा जरा तुम्हीच," ती साबणाकडे वळत म्हणाली. "माझी नखं राहिलीत."