पोटातला परवाना

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. पंधरा किलो तेलाचा. तेल संपलं तेव्हा वाटलं, आता कुणाच्या तरी न्हाणीघरात पाणी भरण्यातच जन्म जाणार. पण शरणम्मानं मला उचललं, वर चीर पाडून घेतली, बाजूला छोटं दार करून त्याला कुलूप लावलं आणि मी मदतपेटी झालो. तेव्हाची माझी ऐट काय सांगू!

शरणम्मा सोलापुरात विड्या वळते. तिची मुलगी सुंदरम्मा टॉवेलच्या कारखान्यातल्या आगीत भाजली होती. ऑपरेशनला पैसे हवे होते. जावई अमरेश म्हणाला, "उगंच हात पसरायचा न्हाय. परवानगी काढूनच मागू." महिनाभर दोघांनी कचेरीचे उंबरे झिजवले. शेवटी शिक्क्याचा कागद मिळाला, माझ्या कुलपावर लाखेचं सील बसलं. कारकून म्हणाले, "सील तुटलं की परवानगी रद्द. आणि हा कागद पेटीपासून लांब ठेवू नका."

शरणम्मानं ते तंतोतंत पाळलं. बाहेर येताच तिनं कागदाची घडी कपाळाला लावली आणि माझ्या चिरीतून आत टाकली. "आता कुटं जातोय की!" माझी बोहनीही त्या कागदानंच झाली. अमरेशला कळलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सात रस्ता चौकात उभे राहिलो. खोट्या पेट्यांची टोळी आलीय, असा मेसेज सकाळपासून सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होता. सात-आठ जणांनी आम्हाला घेरलं.

"परवानगी दाखव!"

"आत हाय की," शरणम्मा म्हणाली.

"मग उघड."

"सील तुटलं की रद्द हुतंय ओ," अमरेश हात जोडून म्हणाला. "कचेरीत चला, विचारा."

ते हसले. पहिली थप्पड शरणम्माला बसली. अमरेश मध्ये पडला, तसे त्याच्या बरगड्यांत लाथा बसू लागल्या. कुणी हेल्मेटनं मारत होतं, बाकीचे मोबाइल धरून उभे होते. तो माझ्यावर पालथा पडून सील वाचवत राहिला. मग एकानं मला त्याच्याखालून ओढलं, दोन्ही हातांनी वर उचललं आणि त्याच्या डोक्यात घातलं. पुन्हा घातलं. तिसऱ्या घावाला मी फाटलो. माझ्याच कोपऱ्यानं त्याचं डोकं फुटलं, मित्रांनो, आणि मला थांबता आलं नाही.

नाणी रक्तात सांडली, कागदही पडला. एकानं तो उचलून वाचला. "आयला, खरी हाय रे." बघता बघता रस्ता रिकामा झाला.

अमरेश अजून कुणाला ओळखत नाही. सुंदरम्माच्या ऑपरेशनची तारीख टळली. काल शरणम्मा मला घेऊन कचेरीत गेली. कारकुनांनी नवा अर्ज पुढ्यात घेतला. "मदत कुणासाठी?"

"आता दोगांसाठी लिवा की," ती म्हणाली.

मित्रांनो, पेटीवाल्याला परवानगी जरूर विचारा. विचारलीच पाहिजे. फक्त त्याचं सांगून होईपर्यंत हात खिशातच असू द्या.